ट्रॅक्टरचा सकाळचा पांढरा धूर

डिसेंबर-जानेवारीत विदर्भात पारा दहाच्या खाली उतरणं नवं नाही; २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात तो ३.५ अंशांवर आला होता. अशा सकाळी कापूस जिनिंगला न्यायचा म्हणून ट्रॅक्टर सुरू केला, की सायलेन्सरमधून पांढरा लोट उठतो. अनेक जण त्याला वाफ म्हणतात. वाफ थोडी असतेच, पण डोळे चुरचुरतात ते न जळलेल्या डिझेलमुळे.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टनने दाबलेली हवा तापते आणि तिच्या उष्णतेनेच डिझेल पेटतं. सिलिंडर गार असला की ही उष्णता लोखंडच पिऊन टाकतं. मग काही डिझेल न पेटता बारीक थेंबांच्या रूपात बाहेर पडतं. बॅटरी उतरलेली असेल तर इंजिन आणखी हळू फिरतं, हवा पुरेशी तापत नाही. म्हणून हीटर प्लग असेल तर तो काही सेकंद तापू द्यावा, मगच स्टार्टर मारावा. काळ्या धुराची गोष्ट वेगळी. तिथे डिझेल जास्त आणि हवा कमी पडते; धुळीने चोंदलेला एअर फिल्टर साफ केला की बऱ्याचदा तो कमी होतो.

मोटारसायकलचा धूर दिसत नाही, एवढंच. गारठ्यात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून चोक ओढून (नव्या गाड्यांत हे काम सेन्सर करतात) पेट्रोल वाढवावं लागतं. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला निरुपद्रवी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत तापल्याशिवाय कामालाच लागत नाही. त्यामुळे बीएस-६ (धुराच्या कडक सरकारी नियमांत बसणारी) गाडीसुद्धा पहिली काही मिनिटं जुन्या गाडीसारखीच वागते. घरून चौकापर्यंत पानठेल्यावर गाडीने जाणं हा प्रदूषणाचा सगळ्यात वाईट सौदा, असं माझं मत.

मग गाडी उभ्या उभ्या तापवावी का? नाही. रिकामं इंजिन फार कमी उष्णता तयार करतं, म्हणून ते तापतंही सावकाश. मोटारसायकल अर्धा मिनिट चालू ठेवून हळू निघावं. ट्रॅक्टरला एखाद-दोन मिनिटं द्यावीत आणि सुरुवातीला ओझं हलकं ठेवावं. सुरू होताच रेस देणं तर नकोच. गार ऑइल घट्ट असतं, ते सगळीकडे पोचायच्या आत पार्ट घासतात. जिनिंगसमोरच्या लांब रांगेत मात्र इंजिन खुशाल बंद करावं. तापलेलं इंजिन पुन्हा सहज सुरू होतं.

हिवाळ्यात रात्री जमीन लवकर निवते, तिच्यालगतची हवा गार आणि वरची उबदार राहते. वरची उबदार हवा झाकणासारखी बसते, आणि उन्हं चढेपर्यंत धूर गावातच घुटमळतो. चुलीचा, शेकोटीचा धूर असतोच त्यात. गोठ्याला लागून असलेल्या शेडमध्ये दार लावून इंजिन कधीच सुरू करू नये: कार्बन मोनॉक्साइडला रंगही नाही, वासही नाही.