२७ मतांनी ३३ मतांना हरवलं कसं?

११ जून २०२२ च्या पहाटे राज्यसभेचा निकाल लागला आणि सकाळी सातलाच कोल्हापूरहून मामांचा फोन आला. महाराष्ट्रातून जागा सहा, उभे सात जण. सहाव्या जागेसाठी झुंजलेले दोघेही कोल्हापूरचे, भाजपचे धनंजय महाडिक आणि शिवसेनेचे संजय पवार. मामांचा सवाल सरळ होता. “काय रं, तेहतीसवाला पडला आणि सत्तावीसवाला आला? हे कसलं गणित म्हणायचं?”

राज्यसभेची निवडणूक आली की हा प्रश्न अजूनही व्हॉट्सॲपवर उगवतो, आणि त्याखाली ठरलेली दोन उत्तरं येतात. एक, घोटाळा. दोन, चाणक्यनीती. कागद-पेन्सिल घेऊन बसलं तर दोन्ही टिकत नाहीत.

आधी आकडे. इथे मतदार म्हणजे विधानसभेचे सदस्य, एकूण २८८. त्यातली एक जागा आमदाराच्या निधनामुळे रिकामी होती, दोघे तुरुंगात होते आणि त्यांना मतदानाची परवानगी मिळाली नाही. मतदान केलं २८५ जणांनी. त्यातलं एक मत निवडणूक आयोगाने बाद केलं. उरली २८४. पहिल्या पसंतीची मतं अशी पडली: भाजपचे पीयूष गोयल ४८ आणि अनिल बोंडे ४८, इम्रान प्रतापगढी ४४, प्रफुल्ल पटेल ४३, संजय राऊत ४१, संजय पवार ३३, धनंजय महाडिक २७.

इथे आमदार यंत्रावर बटण दाबत नाही. त्याला मतपत्रिका आणि आयोगाचाच जांभळ्या शाईचा स्केचपेन मिळतो, आणि नावांपुढे तो १, २, ३ असे पसंतीचे आकडे लिहितो. आकडेच लिहायचे, ‘एक’ असं अक्षरात लिहिलेलं चालत नाही. मत मात्र एकच असतं. त्या एका मताला तो सांगून ठेवतो की आधी याच्याकडे जा, तिथे तुझी गरज नसेल तर त्याच्याकडे. घटनेच्या ८० व्या अनुच्छेदात या पद्धतीचं नाव आहे एकल संक्रमणीय मत. नाव भारदस्त आहे, गोष्ट सुट्ट्या पैशांची आहे.

मामांना मी म्हटलं, प्रत्येक आमदाराच्या हातात एक रुपया आहे असं समजा. नियमही मतपत्रिकेची किंमत शंभरच धरतो, म्हणजे मत मोडता येतं. एकूण २८४०० पैसे. निवडून यायला किती लागतील? साधा विचार म्हणेल, सहा जागा आहेत, सहाने भागा, ४७३३. पण एवढे कशाला हवेत? हेन्री ड्रूप नावाच्या इंग्रज वकिलाने १८६८ मध्ये यावर नेमकं बोट ठेवलं. सहाच जण गाठू शकतील आणि सातव्याला गाठताच येणार नाही, असा लहानात लहान आकडा पुरतो. त्यासाठी सहाने नाही, साताने भागायचं. २८४०० भागिले ७ म्हणजे ४०५७.१४. अपूर्णांक सोडून एक मिळवायचा, ४०५८. हा कोटा. पडताळा बघा: सात जणांना ४०५८ द्यायचे तर २८४०६ लागतात, आणि गल्ल्यात आहेत २८४००. सहा पैसे कमी! मला हे सहा पैसे भलतेच आवडतात.

सगळे २८८ जण मत देऊ शकले असते आणि एकही मत बाद झालं नसतं, तर कोटा ४११५ झाला असता. मग राऊतांची ४१ मतं, म्हणजे ४१०० पैसे, पहिल्या फेरीत अपुरी पडली असती.

पहिल्या फेरीत पाच जण कोटा ओलांडून मोकळे झाले. उरले पवार ३३०० वर आणि महाडिक २७०० वर. जागा एक. आपल्या डोक्यात लोकसभेची सवय बसलेली असते, जो पुढे तो जिंकला. इथे तसं नाही. आधी निवडून आलेल्यांची शिल्लक वाटायची, त्यातही मोठी शिल्लक पहिली, आणि त्यानंतरही जागा उरली तरच तळाच्या उमेदवाराला बाद करायचं.

गोयलांकडे ४८०० होते, गरज ४०५८ ची. शिल्लक ७४२. हे ७४२ कुणाकुणाच्या पत्रिकांतून काढायचे? ४८ मधल्या कुठल्याही सात उचलल्या तर लॉटरी होईल. म्हणून सगळ्याच पत्रिकांवरची पुढची पसंती बघतात. ती पसंती आधीच निवडून आलेल्या बोंडेंना असेल, तर त्याच्याही पुढची. मग प्रत्येक पत्रिका घटवलेल्या किमतीला पुढे सरकते. ७४२ भागिले ४८ म्हणजे १५.४६, अपूर्णांक सोडला की १५. थोडक्यात, प्रत्येकाच्या रुपयातले ८५ पैसे गोयलांवर खर्च झाले आणि १५ पैसे सुटे परत आले. ४८ च्या ४८ पत्रिकांवर पुढची पसंती महाडिकांची होती असं धरू. त्यांना ७२० मिळाले, झाले ३४२०. पवार इथेच मागे पडले. बोंडेंच्या गठ्ठ्यातून आणखी ७२० आले, झाले ४१४०. कोटा पार, सहा जागा भरल्या, मोजणी बंद. उरलेल्या तिघांची शिल्लक सगळीच्या सगळी पवारांना दिली असती तरी ते ३८६४ च्या पुढे जात नव्हते.

आता ती चाणक्यनीती. ४८-४८-२७ अशी मतं वाटण्यातच सगळी करामत होती, असं त्या दिवसापासून ऐकतो आहे. मी उलटं करून पाहिलं. तीच १२३ मतं ४२-४२-३९ अशी वाटली तर महाडिक ४१५२ वर पोहोचतात. म्हणजे जरा वरच! कारण भौतिकशास्त्रात ऊर्जेचं असतं तेच इथे पैशांचं आहे. ते एका खिशातून दुसऱ्या खिशात जातात, नवे पडत नाहीत. भाजपकडे एकूण १२३००, तीन कोट्यांना लागतात १२१७४. १२६ जास्त. शिवसेना, राष्ट्रवादी आणि काँग्रेसच्या महाविकास आघाडीकडे, म्हणजे उरलेल्या चौघांकडे, १६१ मतं, म्हणजे १६१००. चार कोट्यांना लागतात १६२३२. १३२ कमी, म्हणजे दोन मतं. शर्यत पसंतीच्या आकड्यांवर लागलेलीच नव्हती. भाजपचे स्वतःचे आमदार १०६, बाहेरून १७ मतं मिळवली, तिथे निकाल ठरला. ४८-४८ चा उपयोग एवढाच की गठ्ठ्यातली चार-पाच मतं बाद झाली किंवा फुटली तरी पहिले दोघे सुरक्षित राहतात. अर्ज भरायला मुहूर्त बघणाऱ्यांसाठी जाता जाता: गुरुपुष्यामृतावर १३२ पैसे भरून निघत नाहीत.

एवढा खटाटोप कशासाठी? प्रत्येक आमदाराला सहा मतं देऊन साध्या बहुमताने निवडणूक घेतली असती, तर १६१ वाल्यांनी सहाच्या सहा जागा नेल्या असत्या आणि १२३ वाल्यांच्या हाती भोपळा. पुढच्या विधानसभेत पारडं फिरलं की याच्या उलट. कोटा असला की अल्पमतातल्यांनाही त्यांच्या वजनाइतकं मिळतं. १९४६ मध्ये संविधान सभेचे सदस्य प्रांतिक विधानसभांनी निवडले तेही याच पद्धतीने. मुंबई प्रांतातून बाबासाहेब आंबेडकरांना वाट नव्हती. ते बंगालमधून निवडून आले. फाळणीनंतर, १९४७ मध्ये, त्यांना मुंबईतून पाठवण्यात आलं.

मामांनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं. त्यांची हयात साखर कारखान्याला ऊस घालण्यात गेली आहे, हिशोबाला माणूस पक्का. मी थांबल्यावर म्हणाले, “गोयलांचे जास्तीचे ७४२ म्हणतोस. पुढं पोचले ७२०. मग बावीस कुठं गेले?”

प्रश्न खरा होता. ते बावीस कुणाच्याच खात्यात जात नाहीत. अपूर्णांक सोडायचा, असा नियमच आहे. त्यातून एक गंमतही होते. समजा ४८ पैकी दोघांनी पुढची पसंती लिहिलीच नाही. मग ७४२ ला ४६ ने भागायचं, दर होतो १६, आणि पुढे जातात ७३६. पत्रिका दोनने कमी, पैसे सोळाने जास्त.

“बोंडेंचेबी बावीस धरले तर चव्वेचाळीस,” मामा म्हणाले. “म्हणजे हितंबी काटा मारत्यात म्हण की.”