पंतप्रधान व्हायचंय? पात्रता, कागदपत्रं आणि प्रक्रिया

आधीच सांगतो, भारताच्या पंतप्रधानपदासाठी अर्जाचा नमुना नाही, शुल्क नाही आणि शेवटची तारीखही नाही. संविधानाचा अनुच्छेद 75 एवढंच म्हणतो की पंतप्रधानांची नियुक्ती राष्ट्रपती करतील. नियुक्तीसाठी बहुमत हवं, असं तिथे कुठेही लिहिलेलं नाही. मात्र मंत्रिमंडळ लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार राहील, असं त्याच अनुच्छेदात आहे आणि 543 पैकी 272 चा, म्हणजे बहुमताचा, आकडा त्यातूनच येतो. म्हणजे कागदपत्रं लागतात, पण ती खासदार होण्यासाठी. पुढचं सगळं पाठिंब्याच्या पत्रांवर.

पात्रता

भारताचं नागरिकत्व आणि मतदार यादीत नाव हवं. लोकसभेसाठी वय किमान 25, राज्यसभेसाठी 30. वयाची वरची मर्यादा नाही. मोरारजी देसाई 1977 मध्ये पंतप्रधान झाले तेव्हा 81 वर्षांचे होते, तर राजीव गांधी 1984 मध्ये 40 व्या वर्षी. शिक्षणाची अट नाही, किती वेळा पंतप्रधान व्हावं यालाही बंधन नाही. दोन वर्षं किंवा अधिक शिक्षा झाली असेल तर मात्र सुटकेनंतरही सहा वर्षं निवडणूक लढवता येत नाही. लाभाचं पद (सरकारकडून आर्थिक लाभ देणारं पद) धारण करणारे आणि न्यायालयाने दिवाळखोर ठरवलेलेही बाद.

लोकसभाच हवी असं नाही. 1966 मध्ये इंदिरा गांधी पंतप्रधान झाल्या तेव्हा त्या राज्यसभेत होत्या, आणि मनमोहन सिंग यांनी तर दहाही वर्षं राज्यसभेतूनच कारभार केला. फार काय, शपथ घेताना खासदार नसलात तरी चालतं, फक्त सहा महिन्यांत कुठल्या तरी सभागृहात निवडून यायचं. 1991 मध्ये नरसिंह राव शपथविधीनंतर नंद्यालच्या पोटनिवडणुकीतून लोकसभेत आले. 1996 मध्ये देवेगौडा कर्नाटकचं मुख्यमंत्रिपद सोडून आले, ते राज्यसभेवर गेले. ही सवलत एकदाच मिळते. निवडून न येता राजीनामा द्यायचा आणि पुन्हा सहा महिने मागायचे, ही पळवाट सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये बंद केली.

कागदपत्रं

लोकसभेचा उमेदवारी अर्ज नमुना 2ए मध्ये, निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे सकाळी 11 ते दुपारी 3 या वेळेत. मान्यताप्राप्त पक्षाचा उमेदवार असेल तर एक सूचक पुरतो, अपक्षाला त्याच मतदारसंघातले दहा मतदार लागतात. अनामत रक्कम 25,000 रुपये, अनुसूचित जाती-जमातींसाठी 12,500. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं मिळाली नाहीत, की डिपॉझिट जप्त. दुसऱ्या मतदारसंघात मतदार असाल तर तिथल्या यादीची प्रमाणित प्रत जोडावी लागते. खर्चासाठी वेगळं बँक खाते अर्जाआधीच उघडायचं. आणि अर्थातच पक्षाचा एबी फॉर्म, म्हणजे तुम्हीच अधिकृत उमेदवार असल्याचं पक्षाचं पत्र. तो अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी तीन वाजेपर्यंत पोहोचलाच पाहिजे, म्हणून तर त्या दिवशी कार्यकर्त्यांच्या गाड्या सुसाट धावत असतात.

सगळ्यात जास्त चुका नमुना 26 च्या शपथपत्रात होतात. गुन्हे, मालमत्ता, कर्ज, शिक्षण, पाच वर्षांचं आयकर विवरण, जोडीदार आणि अवलंबितांसह सगळं त्यात भरायचं. एकही रकाना कोरा ठेवू नका. माहिती नसेल तिथे ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ लिहा. आठवण करून दिल्यावरही रकाना कोरा राहिला तर छाननीत अर्ज बाद होऊ शकतो.

राष्ट्रपती भवनात

एका पक्षाला स्पष्ट बहुमत असेल तर इथे सांगण्यासारखं काही उरत नाही. गंमत त्रिशंकू, म्हणजे कुणालाच बहुमत नसलेल्या लोकसभेत असते. 1989 मध्ये 197 जागांचा काँग्रेस हा सर्वांत मोठा पक्ष होता, पण राजीव गांधींनी सरकार बनवायला नकार दिला. मग 143 जागांच्या जनता दलाचे व्ही. पी. सिंग पंतप्रधान झाले, भाजप आणि डाव्यांच्या बाहेरून पाठिंब्यावर. 1998 मध्ये राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी वाजपेयींकडे मित्रपक्षांची लेखी पत्रं मागितली आणि अण्णा द्रमुकच्या पत्राची वाट पाहत सगळी दिल्ली खोळंबली.

मराठी माणसाला हुरहूर लावणारा प्रसंग 1979 च्या जुलैमधला. मोरारजींचं सरकार पडल्यावर राष्ट्रपती संजीव रेड्डी यांनी विरोधी पक्षनेते यशवंतराव चव्हाण यांना सरकार बनवता येतं का पाहा, असं सांगितलं. आकडे जमले नाहीत. चव्हाण उपपंतप्रधान झाले, पंतप्रधानपद चरण सिंग यांच्याकडे गेलं.

शपथ आणि विश्वासदर्शक ठराव

राष्ट्रपती दोन शपथा देतात, पदाची आणि गोपनीयतेची. ईश्वराचं नाव घ्यायचं नसेल तर ‘गांभीर्यपूर्वक’ म्हणता येतं. मंत्री मात्र हवे तेवढे घेता येत नाहीत. 2003 च्या घटनादुरुस्तीनंतर पंतप्रधान धरून लोकसभेच्या सदस्यसंख्येच्या 15 टक्के ही मर्यादा आहे.

बहुमताची शंका असेल तर राष्ट्रपती सभागृहात विश्वास सिद्ध करायला सांगतात. चरण सिंग त्या दिवसापर्यंत पोहोचलेच नाहीत, लोकसभेला सामोरं न जाताच त्यांनी राजीनामा दिला. वाजपेयी सामोरे गेले. 17 एप्रिल 1999 रोजी मोजणी झाली, बाजूने 269, विरोधात 270.