सिम्युलेटरवर जुनी आणि टर्बोप्रॉप विमानं उडवायला शिकणं

घरच्या कॉम्प्युटरवर फ्लाइट सिम्युलेटर लावून साधारण १९२० ते १९५० च्या काळातली पिस्टन इंजिनाची विमानं, किंवा किंग एअर, एटीआरसारखी टर्बोप्रॉप (जेट इंजिनाने प्रोपेलर फिरवणारी) विमानं चालवायला आणि जीपीएसशिवाय रस्ता शोधायला शिकणं, हा सिमर लोकांमधला एक वेगळाच नाद आहे. बहुतेक जण सुरुवात मोठ्या जेटपासून करतात, ऑटोपायलट लावतात आणि स्क्रीनवरच्या मार्ग दाखवणाऱ्या गुलाबी रेषेमागे जात राहतात, त्यात चूक काही नाही पण दोन तास उडूनही खाली कुठली नदी गेली ते सांगता येत नाही. जुन्या विमानात ते सांगता आलंच पाहिजे, कारण खालच्या नदीवरूनच आपण कुठे आहोत हे ठरतं.

यंत्रावर बसून उडायला शिकायची कल्पना कॉम्प्युटरच्या खूप आधीची. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन गावी एडविन लिंकच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गन बनवायचा कारखाना होता, लिंकने १९२९ च्या सुमाराला ऑर्गनचेच भाते वापरून हलणारी-डुलणारी छोटी कॉकपिट बनवली. सुरुवातीला जत्रेतला पाळणा म्हणूनच लोक तिच्याकडे बघायचे. मग १९३४ मध्ये अमेरिकन लष्कराकडे टपाल न्यायचं काम आलं, खराब हवेत नुसत्या कॉकपिटमधल्या काट्यांच्या घड्याळांवर उडायची सवय नसलेले पायलट मेले, तेव्हा लष्कराने सहा लिंक ट्रेनर विकत घेतले. घरगुती सिम्युलेटर आले ते ब्रूस आर्टविकच्या प्रोग्रॅममुळे, आधी ऍपल टू वर, मग १९८२ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या नावाने. जुन्या विमानांच्या प्रेमींसाठी मोठा टप्पा म्हणजे २००३ साली उड्डाणाच्या शताब्दीनिमित्त आलेली आवृत्ती, तिच्यात राइट बंधूंच्या विमानापासून फोर्ड ट्रायमोटर आणि डीसी-३ पर्यंत सगळं होतं. २०२२ च्या नोव्हेंबरात मायक्रोसॉफ्टच्या २०२० च्या फ्लाइट सिम्युलेटरमध्येही डीसी-३ आलं. एक्स-प्लेन या दुसऱ्या सिम्युलेटरची पद्धत वेगळी आहे, ते पंखाचे आणि प्रोपेलरचे छोटे तुकडे पाडून प्रत्येकावरचा हवेचा जोर काढतं.

पिस्टन इंजिन सांभाळणं

डीसी-३ पहिल्यांदा उडालं १७ डिसेंबर १९३५ ला, आणि शिकायला आजही याच्याइतकं चांगलं जुनं विमान नाही असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्याकडे त्याला डाकोटा म्हणून ओळखतात, २७ ऑक्टोबर १९४७ ला पहिल्या शीख बटालियनचे जवान श्रीनगरला उतरले ते डाकोटांमधूनच. याची चौदा सिलिंडरची रेडियल, म्हणजे सिलिंडर गोलात मांडलेली, इंजिनं रात्रभर उभी राहिली की खालच्या सिलिंडरमध्ये तेल साचतं, तसंच चालू केलं तर आतला दांडा वाकू शकतो, म्हणून आधी प्रोपेलर हाताने फिरवून घ्यायचा. चांगल्या ऍड-ऑनमध्ये, म्हणजे सिममध्ये वेगळ्या जोडायच्या विमानात, हेही करावं लागतं, नाही केलं तर इंजिन खराब होतं आणि ती खराबी पुढच्या फ्लाइटलाही तशीच राहते.

नवख्याची चूक ठरलेली असते. पॉवर वाढवताना आधी मिक्शर (इंधन आणि हवेचं प्रमाण), मग प्रोपेलरचा आरपीएम (मिनिटाला होणारे फेरे), मग थ्रॉटल, आणि कमी करताना आधी थ्रॉटल मग प्रोपेलर, हा क्रम उलटा झाला की कमी आरपीएमवर मॅनिफोल्ड प्रेशर (इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब) जास्त पडतं आणि सिलिंडरवर नको तेवढा ताण येतो. त्यात इंजिनाभोवतीच्या काउल फ्लॅपकडे (गार हवेच्या झडपांकडे) लक्ष ठेवायचं, चढताना उघडे, उतरताना बंद, कारण लांबच्या उतारावर थ्रॉटल एकदम बंद केलं तर तापलेलं इंजिन झटक्यात गार पडतं आणि तेही त्याला सोसत नाही. थोडक्यात उतरायचं कधी हे वीस मिनिटं आधीच ठरवावं लागतं.

आणि शेपटाचं चाक. या विमानांचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असतो, त्यामुळे धावपट्टीवर शेपूट जरा बाजूला गेलं की ते आणखी जायला बघतं आणि विमान गर्रकन फिरतं, याला ग्राउंड लूप म्हणतात. टेकऑफला थ्रॉटल पुढे केलं की नाक एका बाजूला ओढलं जातं, कुठल्या बाजूला ते प्रोपेलर कुठल्या दिशेने फिरतो त्यावर, मर्लिन इंजिनाचं स्पिटफायर डावीकडे जातं आणि ग्रिफन इंजिनाचं उजवीकडे. रडरची (शेपटावरच्या सुकाणूची) पेडल नसतील तर हे शिकणं फार कठीण, जॉयस्टिक पिळून रडर देता येतो पण पायांना जी सवय लागायला हवी ती लागत नाही. पहिला खर्च करायचा तर पेडलवर करावा.

टर्बोप्रॉप

टर्बोप्रॉप म्हणजे जेट इंजिनानेच प्रोपेलर फिरवायचा. व्हायकाउंट हे या जातीचं पहिलं प्रवासी विमान, १९४८ ला उडालं, आणि पुढे इंडियन एअरलाइन्सकडे व्हायकाउंट, फोकर एफ-२७ आणि कानपूरला बनलेलं एचएस-७४८ अशी तिन्ही होती, तिन्हींत रोल्स-रॉइसचं डार्ट इंजिन, त्याची ती बारीक शिट्टी विमानतळाजवळ वाढलेल्या जुन्या लोकांना अजून आठवते.

सिममध्ये जास्त भेटतं ते पीटी-६ इंजिन. यात प्रोपेलर फिरवणारं टर्बाइन वेगळं आणि हवा दाबणारा भाग फिरवणारं वेगळं, दोघांना जोडणारा दांडा नाही, म्हणून थ्रॉटल दिल्यावर क्षणभर काहीच होत नाही आणि मग जोर येतो. स्टार्टर लावायचा, गॅस जनरेटरचा (त्या हवा दाबणाऱ्या भागाचा) वेग साधारण १२ टक्क्यांवर स्थिरावला की इंधन सोडायचं आणि तापमानाच्या काट्यावरून नजर काढायची नाही, बॅटरी कमजोर असेल किंवा इंधन लवकर सोडलं तर काटा हजार डिग्रीकडे पळतो आणि तेव्हा लगेच इंधन तोडावं लागतं. दुसरं म्हणजे खालच्या उंचीवर टॉर्कची (प्रोपेलर फिरवणाऱ्या जोराची) मर्यादा आधी येते, वर विरळ हवेत तापमानाची, त्यामुळे बऱ्याच टर्बोप्रॉपमध्ये थ्रॉटल शेवटपर्यंत ढकलायचं नसतं, काट्याकडे बघत हाताने थांबायचं असतं. जेटवरून आलेले सिमर इथे हमखास इंजिन जाळतात. लँडिंगनंतर मात्र मजा, प्रोपेलरची पाती सपाट केली की ती ताटासारखी हवेला आडवी येतात आणि छोट्या धावपट्टीवरही विमान थांबतं. कोल्हापूर, जळगावला एटीआर येतं, त्यात आणखी एक गंमत आहे, जमिनीवर उजव्या इंजिनाचा प्रोपेलर ब्रेक लावून थांबवतात आणि इंजिन चालू ठेवून वीज आणि एसीची हवा घेतात.

रस्ता शोधणं

खरा अभ्यास इथे आहे. नकाशा, होकायंत्र, घड्याळ आणि वाऱ्याचा अंदाज, एवढ्यावर आपली जागा काढायची याला डेड रेकनिंग म्हणतात, आणि त्यासाठी एकच नियम पाठ असला तरी पुष्कळ होतं: साठ मैलांत एक अंश चुकलं तर एक मैल बाजूला जातो.

सरावासाठी आपल्याकडे जे. आर. डी. टाटांचा १५ ऑक्टोबर १९३२ चा मार्ग आहे, कराचीहून अहमदाबाद आणि तिथून जुहू, पस मॉथ विमान, टपालाची थैली, रेडिओ नाही. अहमदाबादला पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले होते. जुहूहून पुढे टाटांचा साथीदार नेव्हिल व्हिन्सेंट बेल्लारीमार्गे मद्रासला गेला. सिममध्ये पस मॉथ नसेल तर टायगर मॉथ घ्या, पण त्याचा पल्ला कमी म्हणून मध्ये सुरतला उतरा.

अहमदाबाद ते जुहू साधारण २४० नॉटिकल मैल, दिशा जवळपास सरळ दक्षिण. पस मॉथचा वेग ताशी १६० किलोमीटर म्हणजे ८६ नॉट (ताशी नॉटिकल मैल) धरा आणि पश्चिमेकडून १५ नॉटचा वारा लावा. साठ गुणिले पंधरा भागिले शहाऐंशी, म्हणजे दहा अंश नाक वाऱ्याकडे, उजवीकडे ठेवायचं. हे न करता नाक सरळ दक्षिणेला ठेवून पावणेतीन तास उडलं तर विमान चाळीस मैल पूर्वेला गेलेलं असतं, म्हणजे जुहूऐवजी भीमाशंकरच्या डोंगरात. हा हिशोब कागदावर वाचून पटत नाही, एकदा मुद्दाम चुकून बघावं. बरोबर जाताना भरुचजवळ नर्मदेचं रुंद मुख, सुरतला तापी, मग दमण, वसईची खाडी, प्रत्येक ठिकाणी घड्याळात वेळ बघून कागदावर लिहायची, ठरवल्यापेक्षा चार मिनिटं उशीर झाला तर समोरून वारा आहे हे कळतं. होकायंत्र वळताना खोटं दाखवतं, आपल्या गोलार्धात दक्षिणेकडे वळताना ते पुढे पळतं, म्हणून वळून सरळ झाल्यावर थोडं थांबून मगच वाचायचं.

समुद्रावर अशा खुणा नसतात. फ्रान्सिस चिचेस्टरने १९३१ मध्ये न्यूझीलंडहून ऑस्ट्रेलियाला जाताना सेक्स्टंटने (कोन मोजायच्या यंत्राने) सूर्याची उंची मोजली आणि मुद्दाम वाटेतल्या बेटाच्या एका बाजूला नेम धरला, म्हणजे बेट दिसलं नाही तरी कुठे वळायचं हा प्रश्नच राहत नाही. सिममध्ये हे अजूनही तसंच चालतं. अमेरिकेतल्या जुन्या रेडिओ रेंजसाठी (आवाजाने वाट दाखवणाऱ्या केंद्रांसाठी) ऍड-ऑन मिळतात, एका बाजूला कानात टिंब-रेघ, दुसऱ्या बाजूला रेघ-टिंब, आणि बरोबर वाटेवर असलं की दोन्ही मिसळून एकसारखा सूर. हेडफोन लावून ढगात तो सूर धरून ठेवणं हा फार सुंदर अनुभव आहे.

टर्बोप्रॉपमध्ये व्हीओआर (जमिनीवरच्या रेडिओ केंद्राची दिशा दाखवणारं) आणि डीएमई (त्याचं अंतर दाखवणारं) असतात, इथे डोकं उंचीच्या हिशोबात लागतं. नागपूर-पुणे सव्वातीनशे मैल, २४,००० फुटांवरून पुण्याच्या जवळपास १,९५० फुटांवर यायचं, म्हणजे २२ हजार फूट गमवायचे, हजाराला तीन मैल धरले तर ६६ मैल आधी, नगरच्या अलीकडेच उतार सुरू करायला हवा.

घरच्या सिमचे तास पायलटच्या लायसन्ससाठी धरत नाहीत आणि वळताना अंगावर येणारा भार खुर्चीत कळत नाही, त्यामुळे घरी शिकलेले लोक खऱ्या विमानात बाहेर बघायचं सोडून घड्याळांकडे जास्त बघतात, ही सवय फ्लाइंग क्लबमध्ये मोडावी लागते. चेकलिस्ट, इंजिनाचा क्रम आणि वाऱ्याचा हिशोब मात्र जसाच्या तसा उपयोगी पडतो.

टाटांचा मार्ग उडायचा तर ऋतू बघून उडावा. पावसाळ्यात जुहूचं मैदान पाण्याखाली जायचं, त्यामुळे टपाल सेवा पुण्याला हलवावी लागायची. सिममध्ये जुलैचं हवामान लावलं तर शेवट पुण्यात करा, पण मग वसईनंतर घाट ओलांडायचा आहे आणि खंडाळ्यावर ढग बसलेले असतात, तेव्हा निघतानाच परत सुरतेला जाण्याइतकं पेट्रोल टाकीत ठेवा.