कोटा ५० म्हणतो, डीयू ३३ म्हणतो

लिनक्सवर काम करताना नेटवर्कवरच्या होम डिरेक्टरीत (तुमच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये) फाइल साठवायला गेलात आणि 'डिस्क कोटा एक्सीडेड' असा संदेश आला. तुमच्या वाट्याची मर्यादा आणि वापर सांगणारी 'कोटा -एस' ही आज्ञा चालवून पाहिली, तर ५० जीबीची मर्यादा पूर्ण भरलेली. मग होममध्ये डिरेक्टरीतल्या फाइलींची जागा मोजणारी 'डीयू -एसएच' चालवली, तर भरले जेमतेम ३३. अशा वेळी दोघांपैकी एक आज्ञा चुकते आहे असंच वाटतं, आणि त्या गोंधळात माणसं नको त्या फाइली पुसून बसतात. आकडे मात्र दोन्ही बरोबर असतात.

डीयू एखाद्या डिरेक्टरीपासून सुरुवात करून आतली प्रत्येक फाइल गाठतो, तिने डिस्कवरचे किती ब्लॉक (जागेचे तुकडे) अडवलेत ते विचारतो आणि बेरीज करतो. फाइल कोणाच्या नावावर आहे याच्याशी त्याला कर्तव्य नाही. ही आज्ञा १९७१ च्या पहिल्या युनिक्सपासून आहे. कोटा त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, १९८३ च्या ४.२ बीएसडी या युनिक्सच्या आवृत्तीत आला. त्याचं काम वेगळं: एकाच डिस्कवरच्या अनेकांपैकी कोणी किती जागा घेतली याचा हिशेब फाइल सिस्टिम (डिस्कवर फाइली मांडणारी यंत्रणा) स्वतः मालकाच्या नावाने ठेवते, आणि फाइल वाढली की घटली की तिथेच नोंद करते. एनएफएसवर, म्हणजे सर्व्हरवरच्या फाइली नेटवर्कवरून वापरायच्या पद्धतीत, तुमची 'कोटा' आज्ञा सर्व्हरला फक्त ती नोंद विचारते, म्हणून उत्तर क्षणात येतं.

हे लक्षात आलं की १७ जीबी शोधायची दिशा मिळते. त्याच फाइल सिस्टिमवर सामायिक प्रोजेक्टची डिरेक्टरी असेल आणि तिथे तुम्ही तयार केलेल्या फाइली असतील, तर त्या तुमच्या कोट्यात मोजल्या जातात. होमवर चालवलेल्या डीयूला त्या दिसणारच नाहीत. फाइली शोधणाऱ्या 'फाइंड' आज्ञेला '-युजर' आणि तुमचं नाव देऊन तिथे शोध घ्या. उलटही घडतं: तुमच्या डिरेक्टरीत सहकाऱ्याने ठेवलेली फाइल डीयू मोजतो, कोट्याचा भार मात्र त्याच्यावर. पुसलेली पण एखाद्या चालू प्रोग्रॅमने उघडी ठेवलेली फाइल कोट्यातून लगेच सुटत नाही. झेडएफएस या फाइल सिस्टिमवर साधा 'कोटा' लावलेला असेल तर स्नॅपशॉटही (डेटाच्या जुन्या स्थितीच्या जपलेल्या नोंदी) त्यात धरले जातात. आणि 'डीयू -एसएच *' असं लिहिलं असेल तर आधी तेच दुरुस्त करा. त्या तारकेत टिंबाने सुरू होणारी नावं येत नाहीत, आणि '.कॅश'सारख्या लपलेल्या डिरेक्टरीतच बहुतेकदा कित्येक जीबी साचलेले असतात.

कोटा मालकाप्रमाणे फाइलीच्या गटावरही लावता येतो, आणि गटाच्या कोट्याचा सापळा मला सगळ्यात त्रासदायक वाटतो. समजा, प्रोजेक्टच्या गटाला भरपूर जागा आहे आणि त्या डिरेक्टरीला सेटजीआयडी ही खूण लावलेली आहे, म्हणजे तिथे जन्मणाऱ्या नव्या फाइलीला प्रोजेक्टचा गट आपोआप मिळतो. तुम्ही होममधला डेटा 'एमव्ही' या हलवायच्या आज्ञेने तिथे नेता. दोन्ही ठिकाणं एकाच फाइल सिस्टिमवर असतील तर 'एमव्ही' फक्त नाव बदलतो. फाइल तीच राहते, आणि तिचा जुना गटही. डीयू सांगतो, डेटा प्रोजेक्टमध्ये पोहोचला. कोटा सांगतो, भार अजून जुन्याच गटावर. प्रत काढणाऱ्या साध्या 'सीपी'ने नवी फाइल तयार होते, म्हणून तिथे हा प्रश्न येत नाही. पण मूळ फाइलीचे तपशील जपून प्रत काढणारी 'सीपी -ए' किंवा 'आरसिंक -ए' वापरलीत तर जुना गट पुन्हा सोबत येतो. उपाय सोपा आहे: हलवलेल्या डेटावर 'सीएचजीआरपी -आर' ही आज्ञा चालवून गट बदला.

जागा शिल्लक असूनही कोटा संपू शकतो, कारण त्यात फाइलींच्या संख्येचीही मर्यादा असते. लाखभर चिमुकल्या फाइली तयार करणाऱ्यांना ती आधी आडवी येते. डीयू नेहमीच्या रूपात ही संख्या सांगत नाही. '--आयनोड्स' जोडावं लागतं.

'डीएफ' ही आज्ञा मात्र या शोधात सहसा कामाची नाही. ती अख्ख्या फाइल सिस्टिमची मोकळी जागा दाखवते, तुमचा वाटा नव्हे. डिस्कच भरली असती तर संदेशही 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' असा आला असता.

सगळीकडे कोटा मालकावरच चालतो असंही नाही. एएफएस या नेटवर्क फाइल सिस्टिममध्ये तो व्हॉल्यूमला (फाइलींच्या एका स्वतंत्र संचाला) लावतात, सेफएफएस या दुसरीत डिरेक्टरीला. तिथे मालक कोणीही असो. अशा ठिकाणी कोटा आणि डीयू बरेच जवळ येतात.

एक कळकळीची विनंती: मोठ्या सामायिक फाइल सिस्टिमवर डीयू जपून चालवा. त्याला प्रत्येक फाइलीसाठी विचारणा करावी लागते, आणि लस्टर या अनेक सर्व्हरांवर पसरलेल्या फाइल सिस्टिमवर तर फाइलीचा आकार डेटा ठेवणाऱ्या सर्व्हरांकडून गोळा होतो. लाखो फाइलींवर तो तासन्‌तास चालतो आणि इतरांचंही काम मंदावतं. आधी लस्टरची कोटा सांगणारी 'एलएफएस कोटा' आज्ञा पाहा, मग संशय असलेल्या एकाच उपडिरेक्टरीवर डीयू लावा.

कोट्याला दोन मर्यादा असू शकतात: काही काळ ओलांडता येणारी सॉफ्ट आणि मुळीच न ओलांडता येणारी हार्ड. सॉफ्ट मर्यादा ओलांडली असेल तर 'कोटा' आज्ञेत आकड्याशेजारी तारका आणि उरलेली सवलतीची मुदत दिसते. लिनक्सवर ती सहसा ७ दिवसांची असते. मुदत संपली की हार्ड मर्यादेला अजून अवकाश असला तरी लिहिणं थांबतं. म्हणून आजच पुसा. मात्र लस्टरवर पुसल्यानंतर कोट्याचा आकडा तत्काळ उतरला नाही तर घाबरू नका: फाइलीचं नाव लगेच जातं, तिचा डेटा सर्व्हर मागाहून मोकळा करतो.