आदेश खाली पोचले, म्हणणे वर पोचायला वेळ लागला : व्यवस्थापक-कर्मचारी संवादाची पार्श्वभूमी

संस्था एवढ्या मोठ्या झाल्या की मालकाला प्रत्येकाशी समोरासमोर बोलणे शक्य राहिले नाही, तेव्हा व्यवस्थापक आणि कर्मचारी यांच्यातील संवाद हा स्वतंत्र विचाराचा विषय झाला. ही वेळ सर्वांत आधी आली ती रेल्वे कंपन्यांवर. ५ ऑक्टोबर १८४१ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात वेस्टर्न रेलरोडच्या दोन प्रवासी गाड्या समोरासमोर धडकल्या, आणि त्यानंतर कोणाचा हुकूम कोणी मानायचा व कोणती माहिती कोणाला कळवायची, हे कंपनीने नेमके ठरवून दिले. पुढे १८५०च्या दशकात न्यूयॉर्क अँड एरी रेलरोडचे अधीक्षक डॅनियल मॅकॅलम यांनी अधिकारांची उतरंड दाखवणारा तक्ता तयार करवला आणि प्रत्येक गाडी कुठे आहे याची खबर दर तासाला तारायंत्रावरून मिळण्याची व्यवस्था बसवली. या व्यवस्थेत खालून वर जात होती ती फक्त मागितलेली माहिती. कर्मचाऱ्याला स्वतःहून काही सांगायचे असेल, तर त्यासाठी तिच्यात जागा नव्हती. पुढच्या शतकभराची सगळी धडपड मला या एका उणिवेभोवती फिरताना दिसते.

अमेरिकन अभियंते फ्रेडरिक टेलर यांनी १९११ साली मांडलेल्या शास्त्रीय व्यवस्थापनाने ही उणीव आणखी पक्की केली. काम कसे करायचे याचा विचार नियोजन विभागाने करायचा आणि कामगाराने हातात आलेल्या लेखी सूचनापत्रकाप्रमाणे ते पार पाडायचे, अशी विभागणी झाली. त्याच्या आधीपासून काही ठिकाणी वेगळे प्रयत्न चालू होते, हे खरे. स्कॉटलंडमधील डंबार्टन येथे विल्यम डेनी यांच्या जहाजबांधणी कारखान्यात १८८० साली कामगारांच्या सुचवण्यांना बक्षीस देण्याची योजना आली, आणि १८९४ साली अमेरिकेतील नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीनेही तशीच योजना सुरू केली. पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये व्हिटली समितीने मालक आणि कामगार यांच्या संयुक्त मंडळांची शिफारस केली. मात्र सूचनापेटीत यंत्राविषयी लिहिता येत असे. मुकादमाच्या वागणुकीविषयी लिहिण्याची सोय तिच्यात फारशी नव्हती.

खरे वळण आले ते शिकागोजवळच्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या हॉथॉर्न कारखान्यात. उजेड कमी-जास्त केल्याने कामावर काय परिणाम होतो हे पाहणारे तेथील प्रयोग प्रसिद्ध आहेत. माझ्या मते त्याहून मोलाचा आहे तो १९२८ ते १९३० या काळातला मुलाखतींचा उपक्रम, ज्यात सुमारे २१ हजार कर्मचाऱ्यांशी बोलणे झाले. सुरुवातीला मुलाखतकार ठरावीक प्रश्न घेऊन बसत. देखरेख कशी आहे, कामाची जागा कशी आहे, असे विचारले की माणसे चार शब्दांत उत्तर देत आणि मग भलत्याच विषयावर बोलू लागत. ते भलतेच बोलणे हेच त्यांच्या मनातले आहे, हे लक्षात आल्यावर १९२९ साली प्रश्नावली बाजूला ठेवली गेली आणि मुलाखतकारांना सांगण्यात आले की मध्ये बोलायचे नाही, उपदेश करायचा नाही, वाद घालायचा नाही. अर्ध्या तासाची मुलाखत दीड तासापर्यंत लांबली. एका तक्रारीच्या आड दुसरीच व्यथा असते, हे तेथे कळले.

याच कारखान्यात १९३६ साली कायमचे समुपदेशक नेमले गेले, आणि या टप्प्याची चर्चा व्हावी तेवढी होत नाही. कर्मचाऱ्याचे म्हणणे शांतपणे ऐकून घेणे एवढेच त्यांचे काम होते. ऐकलेल्या गोष्टीवर काही निर्णय घेण्याचा अधिकार त्यांना नव्हता. मन मोकळे होई, कामाची परिस्थिती मात्र होती तशीच राही. ऐकणे आणि निर्णय यांची अशी फारकत आजही अनेक कर्मचारी-सर्वेक्षणांत दिसते.

न्यू जर्सी बेल टेलिफोन कंपनीचे अध्यक्ष राहिलेले चेस्टर बर्नार्ड यांनी १९३८ साली एक पाऊल पुढे टाकले. आदेशाला वजन येते ते तो ऐकणाऱ्याने स्वीकारल्यावर, आणि संवादाची व्यवस्था उभी करणे हे व्यवस्थापकाचे पहिले काम आहे, असे त्यांनी मांडले.

नुसती व्यवस्था असून भागत नाही, हे २७ जानेवारी १९८६च्या रात्री फार मोठ्या किमतीत कळले. चॅलेंजर अवकाशयानाच्या उड्डाणाच्या आदल्या रात्री मॉर्टन थायोकोल या कंपनीच्या अभियंत्यांनी दूरध्वनी बैठकीत सांगितले की थंडीत रॉकेटच्या जोडांमधील रबरी कड्या नीट काम करणार नाहीत, म्हणून उड्डाण करू नये. नासाच्या अधिकाऱ्यांनी या शिफारशीला हरकत घेतली. कंपनीच्या वरिष्ठांनी बैठक थोडा वेळ थांबवून आपसात चर्चा केली, त्या वेळी अभियांत्रिकी प्रमुखाला अभियंत्याची टोपी उतरवून व्यवस्थापकाची टोपी घालायला सांगण्यात आले, आणि शिफारस फिरवली गेली. दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी यान नष्ट झाले आणि त्यातील सातही जणांचा मृत्यू झाला. उड्डाणाचा अंतिम निर्णय घेणाऱ्यांपर्यंत अभियंत्यांचा विरोध पोचलाच नव्हता, असे चौकशी आयोगाने नमूद केले. दूरध्वनी होता, बैठक झाली, बोलणारे बोललेही. मधल्या पायरीवर ते अडले.

त्यानंतर अभ्यासाचा रोख संवादाच्या साधनांवरून बोलायला वाटणाऱ्या भीतीकडे वळला. अमेरिकन संशोधक एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतील औषधांच्या चुकांचा अभ्यास केला, तेव्हा चांगले नेतृत्व असलेल्या गटांत चुकांची नोंद उलट जास्त आढळली. तेथे चुका अधिक होत नसून त्या उघडपणे सांगितल्या जातात, असा उलगडा त्यांनी केला, आणि १९९९च्या शोधनिबंधात गटातील मानसिक सुरक्षिततेची, म्हणजे बोलल्यास शिक्षा किंवा अपमान होणार नाही या भरवशाची, कल्पना सविस्तर मांडली. २०१८ साली आलेल्या आयएसओ ४५००१ या कामाच्या ठिकाणच्या सुरक्षिततेविषयीच्या मानकात तर धोका किंवा अपघात कळवणाऱ्या कामगारावर सूड उगवला जाणार नाही, याची जबाबदारी थेट सर्वोच्च व्यवस्थापनावर टाकलेली आहे.