लाकडातून उमटलेली किड्याची मिशी

रातकिड्याच्या मिशा बहुधा त्याच्या शरीराहूनही लांब आणि अतिशय बारीक असतात. कुंचल्याने त्या कागदावर काढणे एक वेळ जमेल, पण काष्ठठशात, म्हणजे कोरलेल्या लाकडी फळीवरून छापायच्या चित्रात, रेघ कोरायची नसते. तिच्या दोन्ही बाजूंचे लाकूड काढून टाकून ती उंच राखायची असते. हे कौशल्य किती टोकाला नेता येते, याचा माझ्या मते सर्वांत सुंदर नमुना म्हणजे जपानी चित्रकार कितागावा उतामारो याचा कीटकचित्रसंग्रह. एदो, म्हणजे आजचे टोकियो, येथील त्सुताया जूझाबुरो या प्रकाशकाने तो १७८८ मध्ये काढला. त्यातील १५ जोडपानांवर चतुर, सुरवंट, कोळी यांच्याबरोबर साप आणि बेडूकही आहेत, कारण त्या काळच्या जपानी वर्गवारीत तेही यांच्यातच गणले जात. लहानपणी उतामारो चतुर बांधून आणि रातकिडे तळहातावर घेऊन खेळत असे, अशी आठवण त्याचे गुरू तोरियामा सेकिएन यांनी याच संग्रहात नोंदवली आहे.

मात्र या रेघांचे श्रेय एकट्या चित्रकाराचे नाही. पातळ कागदावरचे त्याचे रेखाटन फळीवर पालथे चिकटवले जाई आणि कोरता कोरताच नष्ट होई. छापली जाई ती कोरणाऱ्याची, येथे फुजी काझुमुने याची, रेघ. सुरी तिरपी चालवून तो रेघेला शेताच्या बांधासारखा उतार देई, म्हणजे माथा अगदी निरुंद असला तरी पाया रुंद राही आणि घासताना ती मोडत नसे.

लाकूडही तसेच लागते. सागवानात हंगामाच्या सुरुवातीला वाढलेल्या भागात मोठी छिद्रे असतात आणि त्यांवर आलेली बारीक रेघ तुटते. जपानी कारागीर वापरत ती रानचेरी कठीण असते, शिवाय तिची छिद्रे सूक्ष्म आणि सर्वत्र सारखी पसरलेली असतात.

प्रत्येक रंगासाठी साधारणपणे वेगळी फळी असे. फळीच्या कडेच्या दोन खाचांत ओलसर कागद बसवून, बांबूच्या आवरणात गुंडाळलेल्या चकतीने तो पाठीमागून घासत. शेकडो प्रती निघाल्यावर सर्वांत आधी बारीक रेघाच झिजतात. म्हणून अशा चित्राची प्रत आरंभीची की नंतरची, हे ठरवताना जाणकार मिशा आणि पंखांच्या शिरा भिंगाखाली धरून पाहतात.