हेलिकॉप्टर वैमानिक : लष्करी आणि नागरी प्रशिक्षण

हेलिकॉप्टर चालवायला शिकण्याच्या जगभरात मुख्यतः दोन वाटा आहेत. एक सैन्यदलांतून जाते : निवड, सरकारी खर्चाने प्रशिक्षण आणि त्या बदल्यात ठरावीक वर्षांची सेवा. दुसरी खासगी उड्डाणशाळेतून जाते : स्वतःच्या किंवा कर्जाच्या पैशाने एकेक परवाना मिळवायचा, उड्डाणाचे तास साठवायचे आणि नोकरी शोधायची. दोन्हीकडचे वैमानिक पुढे एकाच कंपनीत, कधी एकाच कॉकपिटमध्ये शेजारी बसतात. त्यांच्यात सरस कोण, हा या व्यवसायातला जुना वाद आहे. तो बहुतेक वेळा नवख्यांवरून सुरू होतो आणि मुरलेल्यांची उदाहरणे देऊन लढवला जातो, त्यामुळे कधी मिटत नाही.

नागरी वापरासाठी प्रमाणित झालेले पहिले हेलिकॉप्टर बेल ४७. त्याला अमेरिकेत ८ मार्च १९४६ रोजी प्रमाणपत्र मिळाले. त्यानंतर काही वर्षांतच फवारणी, सर्वेक्षण आणि तेलक्षेत्रांवरची ने-आण यांसाठी हेलिकॉप्टरचा उपयोग सुरू झाला. मात्र वैमानिकांची संख्या खऱ्या अर्थाने वाढवली ती व्हिएतनाम युद्धाने. त्या युद्धात अमेरिकेचे सुमारे ४० हजार हेलिकॉप्टर वैमानिक उतरले, असे सांगितले जाते. टेक्सासमधील फोर्ट वॉल्टर्स येथे त्यांचे प्राथमिक प्रशिक्षण होई आणि पुढचे अलाबामातील फोर्ट रकर येथे. गंमत अशी, की फोर्ट वॉल्टर्सला पहिले धडे देणारे बरेचसे शिक्षक कंत्राटदार कंपनीचे नागरी कर्मचारी होते. लष्करी आणि नागरी यांच्यातली रेघ तेव्हाही वाटते तितकी ठळक नव्हती.

युद्ध ओसरले आणि हे वैमानिक नागरी बाजारात आले. मेक्सिकोच्या आखातातील तेलफलाट, लाकूडतोड, वणवे विझवणे, वृत्तवाहिन्यांचे चित्रण अशी कामे त्यांनी उचलली. डेन्व्हरच्या सेंट अँथनी रुग्णालयाने १९७२ मध्ये हवाई रुग्णवाहिका सुरू केली आणि ते क्षेत्रही वाढत गेले. कंपन्यांना तयार माणसे आयती मिळत होती. नवे वैमानिक घडवण्याचा खर्च करायची गरज कुणालाच वाटत नव्हती. पुढे ती पिढी निवृत्तीला आली तेव्हा उड्डाणशाळांतून आलेल्यांचे प्रमाण वाढले. ते शक्य झाले मुख्यतः एका यंत्रामुळे : १९७९ मध्ये प्रमाणित झालेले, दोन आसनांचे, पिस्टन इंजिनाचे रॉबिन्सन आर२२.

आर२२ चे कमाल वजन ६२२ किलो. चालवायला स्वस्त आणि शिकाऊ वैमानिकाला मुळीच न सांभाळून घेणारे असे हे हेलिकॉप्टर आहे. त्याचा रोटर, म्हणजे वर फिरणारी पाती, हलका असल्यामुळे इंजिन बंद पडले की त्याचे फेरे भराभर उतरतात. साधारण एका सेकंदाच्या आत कलेक्टिव्ह (सर्व पात्यांचा कोन एकत्र बदलणारी तरफ) खाली करून ऑटोरोटेशनमध्ये (खालून येणाऱ्या हवेवर रोटर फिरत ठेवून इंजिनाविना उतरणे) गेले नाही तर वाचणे कठीण. शिवाय दोन पात्यांच्या झुलत्या रोटरमुळे एकदम नाक खाली ढकलून शरीर हलके वाटेल असे उड्डाण केले, तर रोटरचा मध्यभाग त्याला धरून ठेवणाऱ्या दांड्यावर आदळून दांडा तुटू शकतो. अशा अपघातांनंतर अमेरिकी नियामकाने १९९५ मध्ये आर२२ आणि त्याच कंपनीच्या आर४४ साठी विशेष प्रशिक्षणाचा नियम आणला. या यंत्रात शिकलेल्याच्या हाताला एक सवय कायमची लागते : आपल्याकडे ताकद किती शिल्लक आहे, याचा हिशेब सतत मांडत राहण्याची. उन्हाळ्याच्या दिवशी, उंचावर, दोन माणसे आणि भरलेली टाकी घेऊन जमिनीपासून हात-दोन हात वर तरंगतानाच मॅनिफोल्ड प्रेशरचा, म्हणजे इंजिनाकडून किती ताकद घेतली जात आहे ते दाखवणारा, काटा मर्यादेला टेकलेला असतो. उड्डाण करायचे की थोडे इंधन काढून घ्यायचे, हे तिथेच ठरते.

लष्करी विद्यार्थ्यावर सहसा ही वेळ येत नाही. तो अनेकदा टर्बाइन इंजिनावरच शिकतो. अमेरिकी लष्कराने गेल्या दशकात प्रशिक्षणासाठी दोन इंजिनांचे यूएच-७२ लाकोटा घेतले. ब्रिटनच्या शॉबरी तळावर २०१८ पासून एअरबस एच१३५ वर आधारित ‘जुनो’ वापरले जाते. अशा यंत्रात ताकद भरपूर असते आणि स्वयंचलित साहाय्यही असते, त्यामुळे विद्यार्थी लवकर पुढच्या धड्यांकडे वळतो : उपकरणांवरचे उड्डाण (बाहेर न पाहता फक्त काटे-पडदे वाचून), नाइट व्हिजन गॉगल, रांगेतले उड्डाण, झाडांच्या शेंड्यांना लागून जाणे, धुळीच्या लोटात उतरणे. उलट बाजूने टीका अशी, की यंत्रच इतके सांभाळून घेते की मूळ हातसफाई कच्ची राहते. अमेरिकी लष्करातच आता साध्या, एका इंजिनाच्या हेलिकॉप्टरकडे परत जाण्याच्या हालचाली सुरू आहेत. त्यावरून या टीकेत तथ्य आहे, असे म्हणायला जागा आहे.

आकडे पाहिले तर सुरुवातीला दोघे जवळपास सारखेच असतात. अमेरिकेत हेलिकॉप्टरच्या व्यावसायिक परवान्यासाठी किमान १५० तास लागतात, आणि आर२२ वर शिकवायचे तर हेलिकॉप्टरचे २०० तास. लष्करी प्रशिक्षण पुरे करणाऱ्याच्या लॉगबुकातही दीडशे-दोनशेच्या आसपासच तास असतात. फरक असतो तो या तासांत काय भरले आहे याचा. पुढची चालही वेगळी. नागरी वैमानिकाला दोनशे तासांवर सहसा कोणी प्रवासी नेऊ देत नाही, म्हणून तो स्वतःच प्रशिक्षक होतो आणि इतरांच्या चुका हाताखालून सुधारत हजार-दीड हजार तासांपर्यंत पोहोचतो. तिथून पर्यटन-उड्डाणे किंवा तेलफलाटांवरची को-पायलटची नोकरी मिळते. ही पद्धत विचित्र आहे, कारण सर्वांत कमी अनुभवी माणूस सर्वांत नवख्याला शिकवत असतो. पण दिवसातून दहा वेळा ऑटोरोटेशन करून दाखवणाऱ्याचा हात तयार होतो, हेही खरे. लष्करात प्रशिक्षक सहसा जुनाजाणता असतो. मात्र शांततेच्या काळात तास हळू वाढतात, कारण ते अंदाजपत्रकावर अवलंबून असतात आणि वैमानिकाला इतर कामेही असतात.

खरा भेद सवयींचा आहे. लष्करी वैमानिक संघात वाढतो. शेजारी दुसरा वैमानिक, मागे क्रू चीफ (यंत्राची देखभाल पाहणारा सहकारी), उड्डाणाआधी ब्रीफिंग, नंतर डीब्रीफिंग. धोका जास्त असेल तर वरच्या अधिकाऱ्याची सही लागते. नागरी वैमानिक अनेकदा एकटा असतो. हवामान तोच पाहतो, वजनाचा हिशेब तोच करतो, आणि पैसे भरून आलेल्या ग्राहकाला ‘आज नाही’ हेही त्यालाच सांगावे लागते. लष्करातून आलेल्याला हा एकांत सुरुवातीला जड जातो. त्याच्या अंगात मोहीम पुरी करण्याचे वळण असते, आणि रुग्णवाहिकेच्या कामात ते घातक ठरू शकते. म्हणून अनेक हवाई रुग्णवाहिका सेवांमध्ये उड्डाणाचा निर्णय होईपर्यंत वैमानिकाला रुग्णाची अवस्था सांगितलीच जात नाही. मूल आहे की म्हातारा, अत्यवस्थ आहे की स्थिर, हे त्याला कळत नाही. त्याच्यापुढे फक्त दोन ठिकाणे आणि हवामान ठेवले जाते.

लष्करी प्रशिक्षणाची सर्वांत मोठी जमेची बाजू म्हणजे उपकरणांवरचे उड्डाण. ढगात किंवा धुक्यात शिरल्यावर आतल्या कानाकडून खोटे संकेत मिळतात आणि दिशाभ्रम होतो. हेलिकॉप्टर स्वभावतःच अस्थिर असल्यामुळे सावरायला फार वेळ मिळत नाही. नागरी क्षेत्रात बहुतेक काम डोळ्यांनी पाहून चालते, त्यामुळे हे कौशल्य गंजत जाते. अमेरिकेत हवाई रुग्णवाहिकेच्या प्रमुख वैमानिकाला इन्स्ट्रुमेंट रेटिंग (उपकरणांवर उडण्याची पात्रता) सक्तीचे झाले ते २०१७ पासून. पण नुसते रेटिंग पुरत नाही. २६ जानेवारी २०२० रोजी कॅलिफोर्नियात कॅलाबासस येथे बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंटसह नऊ जणांचा बळी घेणाऱ्या अपघातातील वैमानिकाकडे ते होते आणि साडेआठ हजारांच्या आसपास तासही होते. तरी ढगात शिरल्यावर त्याला दिशाभ्रम झाला, असा तपास यंत्रणेचा निष्कर्ष होता. ज्या कंपनीचे ते उड्डाण होते तिला उपकरणांवरच्या व्यावसायिक उड्डाणांची परवानगीच नव्हती.

याच्या उलट टोकाला लाँगलाइनचे, म्हणजे लांब दोराला भार टांगून नेण्याचे, काम आहे, आणि इथे नागरी वैमानिकांचा हात धरणारे थोडेच. लष्करात टांगलेला भार उचलताना क्रू चीफ हेलिकॉप्टरच्या तळावर पालथा पडून झरोक्यातून हुककडे पाहतो आणि ‘दोन फूट पुढे, एक उजवीकडे’ असे सांगत राहतो. नागरी लाकूडतोडीत किंवा मनोरे उभारताना वैमानिक स्वतःच बाहेर फुगलेल्या खिडकीत डोके झुकवून तीस-साठ मीटर खाली पाहत असतो. समोरचे क्षितिज त्याला जवळजवळ दिसतच नाही. भार झुलायला लागला की हेलिकॉप्टर त्याच्यापासून दूर न्यावेसे वाटते, पण न्यायचे असते ते नेमके त्याच्या डोक्यावर. १९५७ मध्ये कोलंबिया हेलिकॉप्टर्स स्थापन करणाऱ्या वेस लेमाटा यांनी ही खाली पाहून उडण्याची पद्धत रूढ करण्यात मोठा वाटा उचलला. युद्धात हजारो तास काढलेला वैमानिकही इथे पहिले काही आठवडे नवखाच असतो.

लष्करातून बाहेर पडताना परवान्याचा प्रश्न सहसा अवघड नसतो. अमेरिकेत लष्करी वैमानिकाला लेखी परीक्षेच्या आधारे व्यावसायिक परवाना मिळू शकतो. सेवेचा करार मात्र लांबला आहे. अमेरिकी लष्करात प्रशिक्षणानंतरची बंधनकारक सेवा २०२० मध्ये सहावरून दहा वर्षांवर गेली. बाहेर पडलेल्यांपैकी बरेच जण हेलिकॉप्टरच सोडतात, कारण लष्करी वैमानिकांना विमान कंपन्यांतील सहवैमानिकपदासाठी १,५०० ऐवजी ७५० तास पुरतात, आणि काही प्रादेशिक कंपन्यांनी त्यांच्यासाठी खास योजनाही चालवल्या. हेलिकॉप्टर कंपन्या आता जाहिरातीत प्रशिक्षण कुठे झाले हे क्वचितच विचारतात. त्या विचारतात ते रात्रीचे तास, गॉगलचे तास, डोंगरातले तास आणि लाँगलाइनचे तास. बऱ्याचदा ही किमान मर्यादा विमा कंपनी किंवा कंत्राट देणारा ग्राहकच ठरवतो.